कुत्र्याची वाटी, फोडणीच्या आधी

चिकनच्या दुकानात ‘कुत्र्यासाठी द्या’ म्हटलं की दुकानदाराचा हात आपोआप वेगळ्या टबाकडे जातो. त्या टबात माना, पंख, पाय, कातडी, पाठीचे सांगाडे असा मागे राहिलेला सगळा माल असतो. भाव कमी, गिऱ्हाईक खूश, टबही रिकामा. घरी आणून तो कुकरला लावायचा, चार-पाच शिट्ट्या काढायच्या, भातात कालवायचा आणि वाटी पुढे सरकवायची. कितीतरी घरांत वर्षानुवर्षं हेच चालतं. बहुतेक वेळा काही होतही नाही, आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही.

पण त्या टबात मांस सर्वांत कमी असतं. हाडं आणि चरबीच जास्त, आणि कुत्र्याला दवाखान्यात नेण्याची वेळ येते ती याच दोन गोष्टींमुळे. निरोगी कुत्र्याला साधं शिजवलेलं मांस सहज पचतं. त्रास होतो तो मांसासोबत वाटीत येणाऱ्या गोष्टींचा: हाड, कातडी, वाटण, मीठ, ओट्यावर तासन्‌तास राहिलेलं पातेलं, आणि ‘मांस दिलं म्हणजे पोटाचं सगळं झालं’ ही समजूत. तेव्हा दुकानात कुत्र्याचं नाव न काढता माणसांसाठी मागतो तसंच मागावं.

बोनलेस घेतलं तर काम सोपं. छातीच्या मांसात चरबी कमी असते, तंगडीच्या मांसात थोडी जास्त. धडधाकट कुत्र्याला दोन्ही चालतं, फक्त कातडी काढलेली हवी. एरवी पेडिग्री आणि भाकरी खाणाऱ्या कुत्र्याला एखाद्या रविवारी अचानक कातडी, चरबीचे गोळे किंवा रश्श्यावरची तर्री मिळाली, तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग पाठ वाकवून उभं राहणं, सारख्या उलट्या, अन्नाकडे पाठ असा प्रकार सुरू होतो. लठ्ठ, वयस्क कुत्र्यांना याचा धोका अधिक. खिमा घ्यायचा तर समोर करून घ्या, तयार ढिगातला नको. त्यात काय काय गेलंय ते कळत नाही आणि मशीनमधून फिरताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा कच्चट ठेवून मुळीच चालत नाही. कलेजी-पेठ्यातला पेठा उत्तम: चरबी कमी, चावायला घट्ट, फक्त बारीक कापून द्यावा. कलेजीला मात्र हात आखडता घ्या. तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि जास्तीचं बाहेर न पडता शरीरात साठत जातं. एकूण खाण्याच्या पाच टक्क्यांपर्यंत कलेजी पुरे.

मटणाच्या दुकानातली गोष्ट जरा जास्त गंभीर आहे. बकऱ्याचं किंवा मेंढीचं फुफ्फुस आणि खराब निघालेलं काळीज कुत्र्यांपुढे टाकायची पद्धत गावोगाव आहे. या अवयवांत कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. एकायनोकोकस नावाच्या पट्टकृमीची ती अळी अवस्था. कच्ची गाठ खाल्ली की कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे कृमी वाढतात आणि काही आठवड्यांनी त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. कुत्रा दिसायला ठणठणीत असतो. अंडी त्याच्या केसांना लागतात, तिथून आपल्या हाताला, अंगणातल्या मातीला, कच्च्या पालेभाजीला, आणि माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुफ्फुसात तशाच गाठी वर्षानुवर्षं वाढत राहतात. कित्येकांना शेवटी शस्त्रक्रिया करावी लागते. हे सगळं टाळायला दोनच गोष्टी पुरतात: अवयव कच्चे द्यायचे नाहीत, आणि पशुवैद्यांनी सांगितलेल्या वेळी जंताचं औषध चुकवायचं नाही. कच्च्या मांसाच्या आहाराचा पुरस्कार करणारे ‘लांडगा काय गॅसवर शिजवून खातो का’ असं विचारतात. लांडगा आपल्या पोरांचं तोंड चाटायला घरात येत नाही, एवढंच उत्तर त्याला पुरे आहे.

आता स्वयंपाकाकडे. चिकन गोठलेलं असेल तर आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा. ओट्यावर दिवसभर ठेवलं की आतला गोळा बर्फ आणि वरचा थर कोमट, असं होतं. दुसरा मुद्दा धुण्याचा. आपल्याकडे चिकन तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय चैन पडत नाही. पण जोरात सोडलेल्या नळाखाली धुताना उडणारे तुषार साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टरसारखे जंतू बेसिन, शेजारची ताटं, चिरून ठेवलेली काकडी असे सगळीकडे नेतात. जंतू मारायचं काम उष्णता करते, पाणी नव्हे. तरी धुवायचंच असेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि नंतर बेसिन साबणाने घासा.

अर्धा किलो बोनलेसचे इंचभर तुकडे करा. पातेल्यात तुकड्यांच्या वर दोन बोटं येईल एवढं पाणी घाला. मीठ नाही, तेल नाही, आलं-लसूण नाही. सवयीने हळदीची चिमूट पडली तर बिघडत नाही, पण तिची गरजही नाही. उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवा. पंधरा मिनिटांत तुकडे शिजतात; अख्खं छातीचं मांस असेल तर वीस-पंचवीस मिनिटं. सर्वांत जाड तुकडा बाहेर काढून मधोमध कापायचा: आत गुलाबी झाक नको आणि दाबल्यावर निघणारा रस स्वच्छ हवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मधोमध ७४ अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. हाडासकट शिजवलेल्या तंगडीत एक गंमत होते. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला मगजाचा रंग बाहेर झिरपतो आणि मांस पूर्ण शिजलेलं असूनही हाडालगत लालसर दिसतं. तिथे डोळ्यांपेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा.

हाडासकट तंगड्या घेणं स्वस्त पडतं, चवही बरी लागते आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्या कुकरमध्ये शिजवू नका. कुकरमध्ये मांस इतकं गळतं की हाडावरून आपोआप सुटतं आणि बारीक हाडं त्या गाळात हरवून जातात. उघड्या पातेल्यात शिजवलेली तंगडी गार झाल्यावर हातात धरता येते. खालच्या, म्हणजे नडगीच्या तुकड्यात जाड हाड सगळ्यांना दिसतं. त्याला चिकटून वरच्या टोकाला रुंद आणि खाली निमुळतं होत गेलेलं, सुईसारखं दुसरं हाड असतं. मांस ओढून काढताना ते मांसाबरोबर निघून येतं आणि धाग्यांत लपतं. म्हणून आधी जाड हाड बाजूला करा, मग ही सुई शोधून काढा आणि शेवटी सगळं मांस बोटांच्या चिमटीत थोडं थोडं घेऊन चाचपा. चमच्याने किंवा काट्याने हे काम होत नाही. बोटांना जे टोचतं तेच नंतर आतड्याला टोचणार असतं.

शिजलेल्या हाडावर एवढा कटाक्ष का? हाडाला चिवटपणा देणारं कोलॅजन उष्णतेने निघून जातं आणि मागे ठिसूळ खनिज राहतं. असं हाड दाताखाली आलं की वाकत नाही, त्याच्या उभ्या, टोकदार कपच्या होतात. त्या टाळूत आडव्या बसतात, घशात रुततात, आतडं फाडू शकतात. हाडांचा चुरा झालाच तर तो मोठ्या आतड्यात सिमेंटागत घट्ट होतो आणि कुत्रा जोर करून करून थकतो. ‘आमच्या मोत्याने जन्मभर हाडं खाल्ली’ हे प्रत्येक गावात ऐकू येतं. ते खरंही असतं, पण ज्या कुत्र्यांच्या आतड्याला भोक पडलं त्यांच्याविषयी पारावर कोणी सांगत बसत नाही. कुकरमध्ये तासभर शिजवून बोटाने चुरगळणारी हाडं घालणारेही आहेत. प्रत्येक तुकडा खरंच चुरगळतो का हे तपासण्याएवढा वेळ हाताशी असेल, तर त्याच वेळात हाडं काढून टाकता येतात. मासे खाणाऱ्या घरांत बांगड्याच्या काट्यांनाही हाच नियम. सुकट आणि खारवलेले मासे तर मिठामुळेच बाद.

आता वाटण. मराठी घरात चिकन-मटण म्हणजे कांदा आणि लसूण, आणि कुत्र्यासाठी नेमक्या याच दोन गोष्टी विषारी. त्यांतली गंधकयुक्त संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या पेशीच्या कडेला दिसू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. अशा पेशी शरीर स्वतःच मोडीत काढतं आणि रक्त कमी होत जातं. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांद्यापासून रक्तात ठळक बदल दिसायला लागतात. पाच किलोच्या पॉमेरियनला हा हिशेब जेमतेम एका मध्यम कांद्यावर येतो. लसूण त्याहून तिखट, म्हणजे कमी वजनात तेवढंच नुकसान. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने हा गुण जात नाही. उलट कांदा-लसूण मसाल्यात आणि परतलेल्या वाटणात तो एकवटलेला असतो. रोज थोडं थोडं दिल्यानेही हानी साचत जाते. आणि फसवं असं की परिणाम लगेच दिसत नाही. कुत्रा रविवारी रस्सा चाटतो आणि बुधवार-गुरुवारी मलूल होतो. हिरड्या फिकट पडतात, लघवी तांबूस किंवा चहाच्या रंगाची होते. तोवर रविवार कोणाच्या लक्षातही नसतो.

‘पीस धुऊन दिले’ हा उपाय उपयोगाचा नाही, कारण रस तंतूंच्या आत मुरलेला असतो. कोल्हापूरकडच्या अळणीवरही विसंबू नये. लहान मुलांना देतात म्हणजे ती सौम्य असेल असं वाटतं, पण तिच्यातही कांदा, आलं-लसूण आणि मीठ पडलेलंच असतं. बाजारातल्या सूप क्यूबच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत हेच सापडेल. सोपी रीत एकच: मांसाला काहीही चोळण्याआधी कुत्र्याचा वाटा वेगळ्या भांड्यात काढायचा. घरच्यांसाठी फोडणी बसेपर्यंत शेजारच्या शेगडीवर त्याचं शिजूनही होतं. कुत्र्याच्या जिभेवरच्या रुचिकलिका माणसापेक्षा कितीतरी कमी असतात. तो खातो ते नाकाने. म्हणून वाटीतलं मांस कोमट असलं, की त्याच्या लेखी त्यात मीठमसाला सगळं आलं.

शाकाहारी घरांतली व्यवस्था या बाबतीत आपोआप बरी असते. कुत्र्याचं पातेलं वेगळं, बऱ्याचदा शेगडीही वेगळी, गॅलरीत किंवा मागच्या पडवीत, आणि तिथे कांदा पोचतच नाही. श्रावणात मात्र काही घरांत कुत्र्यालाही महिनाभर दूधभात. कुत्रा त्यावर तग धरतो, पण एका दिवसात आहार पालटला की त्याचं पोट बिघडतं, आणि गणपती उठल्यावर एकदम पाव किलो चिकन पुढे आलं की पुन्हा बिघडतं. कोणताही बदल आठवडाभर घेऊन करावा: आधी पावभाग नवं, मग निम्मं, मग पाऊण.

किती द्यायचं, हा खरा हिशेबाचा भाग. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, त्याला त्यानेच दोनदा गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचंही वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे ३९४ येतं. नुसतं पडून राहायला त्याला रोज एवढ्या कॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या, घरात वावरणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी याची साधारण १.६ पट, म्हणजे ६३० धरतात. रोजचं तयार खाद्य चालू असेल तर वरचं सगळं मिळून दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं, म्हणजे ६३ कॅलरी. शिजवलेल्या छातीच्या मांसात १०० ग्रॅमला सुमारे १६५ कॅलरी असतात, म्हणून त्याच्या वाट्याला येतं जेमतेम ३८ ग्रॅम. तीस किलोच्या लॅबला ८७, चार किलोच्या पॉमला १९. एकोणीस ग्रॅम म्हणजे दोन लहान तुकडे. पाहुण्यांपैकी प्रत्येकाने ‘एवढंसं’ दिलं की तो कोटा जेवायच्या आधीच संपतो. आणि चिकन जेवढ्या कॅलरीचं दिलं, तेवढं रोजचं खाद्य कमी करायचं, हे बहुतेक जण विसरतात.

दहा टक्क्यांवर का थांबायचं? शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये फॉस्फरस सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम फक्त १५. कुत्र्याला हवं असतं उलट: कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने. वरच्याच दहा किलोच्या कुत्र्याची सगळी भूक चिकनवर भागवली, तर ३८० ग्रॅममधून त्याला ५७ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल. गरज सहाशेच्या घरात आहे. रक्तातलं कॅल्शियम तर टिकवायलाच लागतं, तेव्हा शरीर ते हाडांतून काढतं. वाढत्या पिल्लात हे महिन्या-दोन महिन्यांत दिसतं: पाय वाकतात, पिल्लू लंगडतं, क्षुल्लक उडीने हाड मोडतं. हाडांचं पाणी पाजून ही तूट भरत नाही, कारण उकळल्याने हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरतच नाही. अंड्याच्या कवचाच्या पुडीत ते असतं, पण किती घालायची हे पशुवैद्यांनी वजन आणि वय पाहून ठरवावं. मोठ्या जातींच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियमही बाधतं. झिंक, आयोडीन, ई जीवनसत्त्व यांची गोष्ट वेगळी नाही. घरचाच आहार कायमचा द्यायचा असेल तर तो लिहून घ्यावा. ‘थोडं चिकन, थोडा भात, थोडं गाजर’ हा आहार नव्हे.

भात आणि भाकरी मात्र उगाच बदनाम झाली आहे. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये कुत्र्याची आणि लांडग्याची जनुकं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत निघाल्या. माणसाच्या उंबऱ्याशी राहून कुत्रा बदलला आहे. त्यामुळे पोट बिघडल्यावर एक वाटी चिकन आणि दोन वाट्या मऊ भात, दिवसातून चार वेळा थोडा थोडा, हा जुना उपाय दोन-तीन दिवसांपुरता चांगलाच आहे. पिल्लू असेल, शौचात रक्त असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर भात शिजवत बसू नका, दवाखाना गाठा.

उरलेलं मांस परातीत पसरून गार करा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाका. कोकणातल्या वैशाखात तासही जास्तच. फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढचं पहिल्याच दिवशी एकेका वेळेच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये. वीज चार तासांपेक्षा जास्त गेली तर फ्रीजमधलं टाकून द्यावं, वास चांगला येत असला तरी. उकळलेलं पाणी मोरीत ओतू नका, त्यात ब गटाची जीवनसत्त्वं उतरलेली असतात. ते फ्रीजमध्ये ठेवा, वर गोठलेला चरबीचा थर काढा आणि कोरड्या खाद्यावर दोन चमचे घाला.

चिकन सुरू केल्यावर कुत्रा सारखा पंजे चाटत असेल, कान खाजवत असेल, तर चिकनचीच ॲलर्जी असण्याची शक्यता धरावी. गोमांस, दूध, चिकन आणि गहू हे कुत्र्यांना बाधणाऱ्या पदार्थांच्या यादीत वरचे मानकरी आहेत.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालतानाही हे सगळं लागू आहे, आणि लग्नकार्यानंतर ते सर्वांत जास्त विसरलं जातं. उरलेल्या बिर्याणीत तळलेला कांदा असतो, हाडं असतात आणि वर पेरलेले मनुके असतात. द्राक्षं आणि मनुक्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यापेक्षा साधा भात, उकडलेला खिमा आणि शेजारी पाण्याचं भांडं बरं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार सोसायटीत खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर हवी. उरलेलं उचलून नेणं हेही त्याच कामात धरावं.

इतकं करूनही एखाद्या दिवशी कुत्रा टेबलावरून तंगडी पळवतोच. अशा वेळी तोंडात हात घालून ओढाताण करू नका आणि घरच्या घरी उलटी करवू नका. खाली जाताना न लागलेली कपची वर येताना अन्ननलिकेत रुतू शकते. सारखं ओकारी काढणं, लाळ गळणं, पोटाला हात लावू न देणं, शौचाला जोर करूनही न होणं, काळी किंवा रक्ताची शी, यांतलं काहीही दिसलं तर ताबडतोब निघा. काही दिसत नसलं तरी दवाखान्यात फोन करून पाच गोष्टी सांगा: कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, साधारण किती, शिजलेलं होतं की कच्चं, आणि किती वाजता. रस्सा चाटला असेल तर त्यात कांदा-लसूण किती होता तेही सांगा. तेवढ्यावर डॉक्टरांना ठरवता येतं, एक्स-रे आत्ताच काढायचा की दोन दिवस घरी लक्ष ठेवायचं.